बंदुका विकणाऱ्या प्रमिलाकाकू

प्रमिलाकाकूंच्या दुकानात शिरलेला माणूस आधी किंमत विचारायचा, आणि काकू किंमत सोडून बाकी सगळं बोलायच्या. गाव कोणतं, शेती किती, लायसन कधी मिळालं, आणि मग अगदी सहज, चष्म्याची दोरी मानेवर सारखी करत, "घरात कोण कोण असतं?" माणसाला वाटे, बाई गप्पिष्ट आहे. शेजारच्या माझ्या टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानातून अकरा वर्षं मी हे ऐकत होते. त्या प्रश्नाच्या उत्तरावर काकू बंदूक द्यायची की नाही हे ठरवतात, हे कळायला मला त्यातली दोन-तीन वर्षं लागली.

नगरमध्ये कचेऱ्यांकडे जाणाऱ्या एका रस्त्यावर आमची दुकानं भिंतीला भिंत लावून होती. परवान्याचे अर्ज, नूतनीकरणाची पत्रं, प्रतिज्ञापत्रं मी टाईप करायचे. अर्जावर अलीकडे जिल्हा अहिल्यानगर लिहायचा, तोंडात मात्र सगळ्यांच्या नगरच. कागद पुरे झाले की गिऱ्हाईक माझ्याकडून उठून काकूंकडे जायचं. बंदुकीचं दुकान म्हणजे आत कुणी मिशीवाला फौजदारासारखा माणूस असणार अशी त्याची कल्पना असे. आत ट्यूबलाइटखाली सुती साडीतली, पाच फुटांहूनही कमी उंचीची एक बाई ओल्या फडक्यानं काच पुसत बसलेली असायची.

दुकान मूळचं त्यांच्या नवऱ्याचं. ते वारल्यावर दुकानाचा परवाना आपल्या नावावर करून घ्यायला काकूंनी दीड वर्ष हेलपाटे घातले. मूलबाळ नव्हतं. दुसरं काही येत नाही म्हणून हेच करते, असं त्या सांगायच्या, पण हे त्यांना फार चांगलं येत होतं. बारा बोअरची दुनळी त्या झाडू उचलावा तशी उचलायच्या, मधून उघडून नळीतून उजेडाकडे बघायच्या, नळ्या रिकाम्या असल्याची खात्री दोनदा करायच्या आणि मगच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या. नळीचं तोंड मागच्या भिंतीकडेच हवं. हौसेनं कुणी ती रस्त्याकडे वळवली तर काकू बंदूक काढून घेत आणि म्हणत, "आज नको. पुढच्या आठवड्यात या." बंदूक परत कुलूपबंद गजांआड गेल्याशिवाय चहा सांगायच्या नाहीत. बंदूक आणि कपबशी एका काउंटरवर त्यांना चालत नसे.

गिऱ्हाइकानं बंदूक धरली की त्या त्याच्या तोंडाकडे बघायच्या. मला एकदा म्हणाल्या, "हातात घेतल्यावर माणूस गप्प झाला की मला बरं वाटतं. हसला की मी घरचं पुन्हा विचारते."

किमतीबद्दलही त्यांचं एक म्हणणं होतं. बंदूक घेणारा लोखंडाचे पैसे देतच नाही, तो आपल्या भीतीचे पैसे देतो, आणि भीतीवर किंमत छापलेली नसते. एखादी जुनी एकनळी काही हजारांत मिळे. कारखान्यातून येणारं रिव्हॉल्वर लाखाच्या वर जाई. बाहेरदेशीचा माल येणं बंद झाल्यापासून पूर्वी आलेल्या जुन्या पिस्तुलांच्या किमतीला तर धरबंध राहिला नव्हता. ज्या माणसानं अख्खं घर त्याहून कमी पैशांत बांधलं, तोही त्या वीतभर वस्तूला पाच-सहा लाख द्यायला तयार व्हायचा. काकू किमतीचा आकडा नेहमी हळू आवाजात सांगायच्या, लाज वाटावी तसा.

काष्टीकडचे एक शेतकरी आले होते ते मला चांगले आठवतात. साठीचे, डोक्याला टोपी, हातात कापडी पिशवी. वडिलांच्या बंदुकीचा परवाना त्यांच्या नावावर झाला होता, पण जुनी ठासणीची बंदूक गंजून गेली होती. गोठ्यातली कालवड बिबट्यानं ओढून नेली होती. चांगली गाभण गाय विकून ते पैसे घेऊन आले होते आणि त्यांना दुकानातली सगळ्यात भारी दुनळी पाहिजे होती.

"बाई, हिनं बिबट्या मरतूय का?"

काकू म्हणाल्या, मरेल की. पण मग तुम्ही जेलात जाल, आणि उसात दुसरा येईल. म्हातारे बराच वेळ पिशवीच्या बंदांशी चाळा करत बसले.

"आमच्या उसातच हाय त्यो," ते म्हणाले. "नात साळंला जाती बांधानं. म्या रोज मागं काठी घिऊन जातो. काठीनं काय हुतंय? लई भ्या वाटतं बाई. माज्यासाठी न्हाई."

काकूंनी त्यांना चहा पाजला. गोठ्याला चारी बाजूंनी आणि वरून जाळी मारा, दाराशी मोठा दिवा लावा, वनखात्याकडे पिंजऱ्याचा अर्ज द्या, आणि पोरीला बांधानं पाठवू नका, गाडीवर सोडा, असं समजावून सांगितलं. पिंजऱ्याचा अर्ज मी तिथंच टाईप करून दिला. म्हातारे पैसे तसेच घेऊन गेले. दोन महिन्यांनी एसटीनं आले ते लिंबांची गोणी घेऊन. जाळी मारली होती, बिबट्या पिंजऱ्यात सापडला नव्हता, पण नात गाडीवर जात होती. त्या गोणीतली लिंबं आम्ही सगळ्या गल्लीला वाटली. "भारी गिऱ्हाईक घालवलंत," असं शेजारचा स्टॅम्पवाला काकूंना म्हणाला, तर त्या नुसत्या हसल्या.

सगळ्यांनाच त्या परत पाठवत नसत. पाथर्डीकडचा एक माणूस आला होता. स्वतःची बंदूक असेल तर पहारेकऱ्याला पगार जास्त मिळतो, म्हणून ऊसतोडीला जाणं सोडून त्याला पहाऱ्याची नोकरी धरायची होती. घरात कोण, तर आई, बायको, तीन पोरी. बंदूक त्यानं साप धरावा तशी अंगापासून लांब धरली. काकूंनी त्याला चांगल्यातली चांगली एकनळी निवडून दिली आणि ती कशी धरायची, कशी उघडायची, हे दुपारभर शिकवलं. तो गेल्यावर म्हणाल्या, "हा घाबरतो बंदुकीला. याच्या घरात काही होणार नाही."

घरात काही होण्याचं हे भय कुठून आलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. नवरा असताना, पुष्कळ वर्षांपूर्वी, एका माणसाला रिव्हॉल्वर विकलं होतं. माणूस मोठा हौशी. मागितली ती किंमत दिली आणि वर पेढे वाटले. त्याची बायको बरोबर आली होती, पण आत आली नाही. पायरीवरच उभी राहिली. काकू त्या दिवशी डबा घेऊन दुकानात आल्या होत्या, त्यांनी तिला दोनदा बसायला बोलावलं, तिनं मान हलवली. महिन्याभरात ती बाई गेली. साफ करताना गोळी सुटली, असं नवऱ्यानं सांगितलं. पोलीस दुकानात येऊन रजिस्टर बघून गेले. कागद सगळे चोख होते. काकूंचे यजमान म्हणाले, आपण कागद बघून दिलं, आपला काय दोष. पण काकू त्या दिवसापासून नवऱ्याशेजारी काउंटरवर बसायला लागल्या, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायला लागल्या.

"पायरीवर उभी होती," त्या मला म्हणाल्या. "मी तिच्या तोंडाकडे बघितलं होतं, मंगल. मला कळलं होतं."

दिगंबरशेठ दुकानात आला तो उन्हाळ्यात. प्लॉटिंगचा धंदा, पांढरा शर्ट, बोलणं अत्यंत नम्र. धंद्यात दुश्मनी असते म्हणून त्याला परवाना मिळालेला. काकूंकडे तेव्हा एक जुनं परदेशी पिस्तूल विकायला ठेवलेलं होतं. एका वारलेल्या बागायतदाराचं, त्यांच्या पुण्याच्या मुलीनं ठेवलेलं. मुलीनं सहा लाख सांगितले होते. दिगंबरशेठनं ते बघितलं आणि त्याला तेच पाहिजे झालं. दुसरं काही दाखवूच नका म्हणाला. हातात घेतलं, अंगठा मुठीवरून फिरवला आणि हसला.

काकूंनी घरात कोण कोण असतं विचारलं. तो म्हणाला, "आम्ही दोघंच. आणि एक मुलगी. पण ती लहान आहे." मग म्हणाला, "बायको जरा भित्री आहे."

काकूंनी पिस्तूल उचलून आत ठेवलं आणि सांगितलं, मालकीण आठ म्हणते. हे खोटं होतं. आठ ऐकून तो परत जाईल असं त्यांना वाटलं. तो म्हणाला, चालेल. पुढच्या आठवड्यात पैशांची सोय करून आला, तर काकूंनी दहा सांगितले. त्यावरही चालेल म्हणाला. चेहऱ्यावर रेघ हलली नाही. काकू म्हणाल्या, मालकिणीला एकदा विचारते. तो गेल्यावर त्या माझ्याकडे येऊन स्टुलावर बसल्या.

"नगरचा माणूस, आणि घासाघीस करत नाही," त्या म्हणाल्या. "बारा म्हणाले तरी हो म्हणेल. याला कसली एवढी गरज आहे गं?"

मी म्हणाले, सरळ नाही म्हणून सांगा. त्या म्हणाल्या, नाही म्हटलं तर तो पुण्याला जाऊन दुसरं घेईल. या एका पिस्तुलावर मन बसलंय तोवर तो इथं अडकून आहे. तो परत आला तेव्हा काकूंनी बारा सांगितले. त्यालाही तो चालेल म्हणाला, फक्त यावेळी जाताना पायरीवर थांबून मागं वळून काकूंकडे जरा जास्त वेळ बघत राहिला.

त्यानंतर चार दिवसांनी भर दुपारी एक बाई माझ्या दुकानात आली. तिशीची असेल. मुलीच्या शाळेच्या दाखल्याची झेरॉक्स पाहिजे होती. एक प्रत काढून दिली, तरी ती जाईना. मग भिंतीकडे बोट करून अगदी बारीक आवाजात तिनं विचारलं की शेजारी पिस्तूल घ्यायला दिगंबरशेठ म्हणून कुणी येतात का. ते माझे मालक आहेत, ती म्हणाली. नाव वैशाली.

मी शटर अर्धं ओढलं आणि तिला मागच्या दारानं काकूंकडे नेलं. तिला बसवलं, पाणी दिलं. अंगावर कुठं माराची खूण दिसत नव्हती. तो मारत नाही, ती म्हणाली. कधी हात लावला नाही. फक्त जेवायला बसला की सांगतो. आज आठ झाले. आज दहा झाले. परवा बारा.

"मला म्हणतात, बघ, तुझ्यासाठी बारा लाख मोजायला तयार आहे मी. तुझ्या बापानं तुझ्या लग्नात तरी एवढे घातले का?" ती म्हणाली. "आणि हसतात. मग म्हणतात, भाजी छान झालीय."

काकूंच्या हातातलं फडकं खाली पडलं. त्या आकडा वाढवत होत्या तो त्याला थांबवायला, आणि तोच आकडा रोज या बाईच्या ताटासमोर जाऊन बसत होता. काकूंनी फडकं उचललं आणि विचारलं, लायसनच्या चौकशीला कुणी आलं होतं तेव्हा तू काय सांगितलंस? वैशाली म्हणाली, शेजाऱ्यांना विचारलं. दुकानदारांना विचारलं. मी चहा करून दिला.

तिचा भाऊ पारनेर तालुक्यात होता. काकूंनी त्याला तिथूनच फोन लावला. अर्ज मी टाईप केला, वैशालीच्या नावानं, कलेक्टर साहेबांना आणि पोलिसांना. घरातली परिस्थिती अशी अशी आहे, जिवाची भीती आहे, तरी परवाना स्थगित करावा. तिनं सही केली. भाऊ गाडी घेऊन आला, शाळेतून मुलीला घेतलं आणि ते तिघं परस्पर गेले. घरी ती कपडे घ्यायलाही गेली नाही. अर्ज द्यायला काकू माझ्याबरोबर आल्या आणि दोन्ही कचेऱ्यांत पोच घेईपर्यंत टेबलासमोरून हलल्या नाहीत.

चौकशी झाली. यावेळी वैशालीलाही विचारलं. तीन आठवड्यांनी परवाना स्थगित झाल्याचं कळलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी साडेबारा-एकला मी चहा घेऊन काकूंकडे गेले होते. दिगंबरशेठ आला. त्यानं शटर खाली ओढलं, पुरतं नाही, कमरेपर्यंत. खुर्चीवर बसला आणि पाणी मागितलं. काकूंनी दिलं. त्यानं खिशातून अर्जाची नक्कल काढली, काउंटरवर पसरली आणि हातानं घड्या सारख्या केल्या.

"टायपिंग चांगलं आहे," तो म्हणाला. "कुणी केलं?"

मी हातातल्या कपबशा छातीशी घट्ट धरल्या.

"मी लिहून दिला," काकू म्हणाल्या. "तिला मीच सांगितलं अर्ज कर म्हणून. या मुलीनं नुसते चहाचे कप आणलेत."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग काकूंकडे. बाहेरून रिक्षा जात होत्या. दहा हातांवर माणसांचा रस्ता वाहत होता आणि आत भिंतीला लावलेल्या बंदुकांमध्ये आम्ही दोघी अशा उभ्या होतो की कुणाला हाक मारावी हेही सुचत नव्हतं.

"काकू, तुम्ही सावेडीला एकट्याच राहता ना?" त्यानं विचारलं.

"हो."

"काळजी घ्या." त्यानं पाणी संपवलं, ग्लास अलगद खाली ठेवला, शटर वर केलं आणि गेला.

एवढंच. यापेक्षा जास्त त्यानं कधीच काही केलं नाही. आम्ही पोलिसांत गेलो, तर त्यांनी नोंद करून घेतली, दोन-चार दिवस बीटचा हवालदार घरावरून चक्कर मारून गेला. पण काळजी घ्या म्हटल्याबद्दल माणसाला किती दिवस धरून ठेवणार?

काकू मात्र त्या दिवसानंतर पहिल्यासारख्या राहिल्या नाहीत. फोन वाजला की आधी नंबर बघायच्या आणि मग उचलायच्या नाहीत. दुकानात येताना रोज रिक्षा बदलायच्या. पांढरा शर्ट घातलेलं गिऱ्हाईक आलं की बोलता बोलता वाक्य अर्धं राहायचं. घराला लोखंडी दार बसवायला लोहार बोलावला, त्यानं तोंडाला येईल तो आकडा सांगितला, आणि भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणाऱ्या या बाईनं हूं की चूं न करता तो दिला. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "त्यानं दुप्पट सांगितले असते ना, तरी मी दिले असते." आणि तोंडाला पदर लावून बसल्या. हसत होत्या की रडत होत्या, मला समजलं नाही.

स्टॅम्पवाला म्हणाला, काकू, सगळं दुकान बंदुकांचं, आणि तुम्ही घाबरता? एक स्वतःच्या नावावर घ्या, उशाला ठेवा. मीही तेच म्हणाले. खरं तर मलाही तेव्हा तेच बरं वाटलं असतं. काकूंनी मान हलवली. त्यांना चालवता येत होती, पण त्यांनी घेतली नाही. मी घेतली की मी पण त्यांच्यातली, त्या म्हणाल्या. मग मला नाही म्हणायला या दुकानात कोण बसेल?

ते परदेशी पिस्तूल कुणालाच विकलं गेलं नाही. काकूंनी पुण्याच्या मुलीला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, सरकारजमा करून टाका. बारा लाखांपर्यंत चढलेली वस्तू काकूंनी स्वतः नेऊन फुकट जमा केली आणि पावती घेऊन आल्या. वैशाली पारनेरकडेच राहिली. शिवणकाम करते, मुलगी तिथल्या शाळेत जाते. भावाच्या घरी कुत्रा आहे आणि गल्लीत सगळे एकमेकांच्या नात्यातले. घटस्फोटाचे कागद कोर्टात आहेत. ते मीच टाईप केले.

वर्षभरात काकूंनी दुकान बंद करायचं ठरवलं. होता तो माल रीतसर परवानगी घेऊन दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका दुकानदारानं नेला. नाशिकला त्यांची धाकटी बहीण होती, तिच्याकडे जाणार होत्या. दुकानाच्या रिकाम्या काचा त्यांनी शेवटच्या दिवशीही पुसल्या.

त्यांना सोडायला मी सकाळी स्टँडवर गेले. सामान फार नव्हतं, दोन बॅगा आणि एक डबा. नाशिकची गाडी लागली. काकू चढल्या, मधल्या एका खिडकीशी बसल्या. मी खाली उभी राहून पोचल्यावर फोन करा वगैरे सांगत होते. तेवढ्यात एक माणूस मागून गाडीत चढला. पांढरा शर्ट, जाडसर मान. काकूंनी त्याला पाठमोरा बघितला आणि उठल्या. बॅगा ओढत, लोकांना ढकलत, घाईघाईनं खाली उतरल्या. मी त्यांचा दंड धरला. माणूस जागेवर बसला तेव्हा त्याचं तोंड दिसलं. कुणीतरी म्हातारासा होता, कपाळाला बुक्का लावलेला.

"तो नव्हता," काकू म्हणाल्या. त्यांना लाज वाटली होती. "मला माहितीय गं तो नव्हता. पण मी काय करू?"

ती गाडी आम्ही जाऊ दिली. पाऊण तासानं दुसरी आली. यावेळी त्या ड्रायव्हरच्या मागच्याच बाकावर बसल्या, जिथून गाडीत चढणारा प्रत्येक माणूस दिसतो. मी खिडकीतून डबा दिला. कंडक्टरनं घंटा दिली आणि गाडी मागं सरकायला लागली. मी हात हलवला. काकूंनी हलवला नाही. त्यांचं लक्ष दाराकडे होतं.